भीतीला खोली कोण देणार?

दोन जानेवारीच्या पहाटे सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसांची रीघ लागते. कर्जत, नेरळ, मुरबाड, बदलापूर अशा सगळ्या बाजूंनी लोक येतात, मशाली येतात, शाळांची पोरं येतात. १९४३ साली याच दिवशी उजाडता उजाडता इथल्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, आणि हिराजी पाटील पडले. कोतवाल माथेरानचे, हिराजी कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे. फुलं वाहिली जातात, भाषणं होतात, घोषणांनी डोंगर दुमदुमतो. दुपारपर्यंत सगळे उतरलेले असतात. मी शाळकरी वयात पहिल्यांदा गेलो तेव्हा उतरताना मागे वळून पाहिलं होतं. मागे उरला होता एक दगड, दोन नावं आणि एक तारीख.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. कोतवाल भूमिगत राहून लढत होते त्या चार-पाच महिन्यांत या पट्ट्यातली बाकीची माणसं कशी जगली? रात्री दारावर थाप पडली की घरातलं कोण उठायचं? बाजारात कुणापुढे बोलायचं आणि कुणापुढे नाही, हे कसं ठरायचं? भाकरी रानात कोण पोहोचवायचं, आणि पोहोचवताना कुणी पाहिलं तर काय सांगायचं? हुतात्म्याचा शेवटचा क्षण आपण दगडात कोरला. त्याच्याभोवतीचं जगणं मात्र कुठेच मांडलेलं नाही. दडपशाहीखालचं रोजचं आयुष्य दाखवणारं दालन कसं असावं, हा प्रश्न जगात गेली तीस-चाळीस वर्षं फार गंभीरपणे विचारला जातोय. कर्जत-खालापूरच्या मातीत उभं राहून तो विचारून पाहायचा, एवढाच या लेखाचा उद्देश.

सुरुवातीलाच एक खुलासा हवा. १९४२ चं ब्रिटिश राज्य म्हणजे सर्वंकष हुकूमशाही, असं मी म्हणणार नाही. ते परक्यांचं, वसाहतीचं राज्य होतं. युद्धकाळात त्याने भारत संरक्षण नियमांखाली माणसं विनाचौकशी डांबली, एकाच्या कृत्यासाठी सगळ्या गावाला दंड करण्याचा वटहुकूम काढला. पण न्यायालयं पूर्णपणे गप्प झाली नव्हती. मुंबईच्या केशव तळपदे खटल्यात एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा २६ क्रमांकाचा नियमच अवैध ठरवला. सरकारने लगेच नवा वटहुकूम काढून ते भोक बुजवलं, हा भाग वेगळा. आता त्याच्या शेजारी स्वतंत्र भारतातलं २८ एप्रिल १९७६ ठेवून पाहा. आणीबाणीत जगण्याच्या हक्कासाठीही न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा दिला. तो एक आवाज न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचा. हे दोन निकाल दालनाच्या एकाच भिंतीवर लावले, तर पाहणाऱ्याला परक्यांचं आणि आपलं अशी सोपी विभागणी करता येणार नाही. असं दालन रचणाऱ्याचं पहिलं काम मला हेच वाटतं: वेगवेगळ्या राजवटी एकाच काळ्या रंगात बुडवायच्या नाहीत, प्रत्येकीचा जाच नेमका कशात होता ते सांगायचं.

मराठी माणसाने अशा तीन राजवटींचा जाच भोगला. सह्याद्रीच्या पायथ्याशी १९४२-४३ चा, गोव्यात सालाझारच्या पोर्तुगालचा, आणि १९७५ ते ७७ या एकवीस महिन्यांचा. यातली खऱ्या अर्थाने सर्वंकष राजवट म्हणजे गोव्यातली. तिच्याकडे पुढे येतोच.

आधी आपल्या तालुक्यात दाखवण्यासारखं काय आहे ते पाहू. भाई कोतवाल वकील होते, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, नाभिक कुटुंबात जन्मलेले. भूमिगत होण्याआधीच्या वर्षांत त्यांनी या पट्ट्यात चाळीसच्या वर ऐच्छिक शाळा काढल्या आणि धान्याची कोठारं उभारली, शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. आझाद दस्ता, म्हणजे त्यांची भूमिगत लढाऊ तुकडी, नंतरची; शाळा आणि कोठारं आधीची. स्मारकांवर मात्र बंदूकच आधी दिसते. मी दालन रचणार असेन तर दारातून आत शिरताच धान्याची कणगी ठेवीन. तिच्याशेजारी पाटी, पेन्सिल आणि सावकाराच्या खतावणीचं एखादं पान. सत्तेला माणसाची भीती केव्हा वाटायला लागते? तो शस्त्र उचलतो त्याच्या बरंच आधी. तो लोकांना वाचायला शिकवतो आणि उपाशी राहू देत नाही, तेव्हाच.

मग विजेचे मनोरे. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. लोणावळ्याच्या माथ्यावर अडवलेलं पावसाचं पाणी घाट उतरून इथे पडतं आणि त्याची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जाते. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात आझाद दस्त्याने अकरा ठिकाणी हे मनोरे पाडले. करवतीने पाय कापून लोखंडी मनोरा आडवा करायचा, तोही अंधारात, डोंगरउतारावर. मुंबईतलं युद्धाचं उत्पादन बंद पाडायची ही युक्ती होती. या कथेतला सगळ्यात मोठा वस्तुपुरावा आजही उभा आहे. तारांच्या रांगा शेतातून जाताना आपण रोज पाहतो. दालनाच्या एका खिडकीतून असा मनोरा दिसला, तर काचेच्या पेटीत काही ठेवायची गरजच उरणार नाही. खिडकीखाली एवढंच लिहावं: इथून वीज कुठे जात होती, ती कुणासाठी होती, आणि ज्या वाड्यांवरून तारा जात होत्या त्या वाड्यांत दिवा कसला होता.

आता सगळ्यात अवघड वस्तू. दस्त्याच्या सिद्धगडावरच्या तळाची खबर पोलिसांपर्यंत पोहोचली, म्हणूनच तो छापा पडला. ती आपल्यातल्याच कुणाकडून पोहोचली, असं या भागात आजही हलक्या आवाजात बोललं जातं. गावं तीच आहेत, आडनावं तीच आहेत, शेताचे बांध एकमेकांना लागून आहेत. अशा खबऱ्याचं दालनात काय करायचं? नाव लिहायचं, तर ज्याने काही केलेलं नाही त्या नातवाला शाळेत मान खाली घालावी लागेल. विषयच टाळायचा, तर दडपशाहीचं मुख्य यंत्रच आपण गाळून टाकलं असं होईल. कुठलीही राजवट फक्त बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलावर चालत नाही. ती चालते पाटलाच्या निरोपावर, पोस्टमनने दाखवलेल्या पाकिटावर, हवालदाराच्या पगारावर. त्या पहाटे सिद्धगड चढलेल्या तुकडीचे अधिकारी इंग्रज होते, हे आपण आवर्जून सांगतो. त्यांच्या मागून चाललेल्या शिपायांची भाषा कोणती होती, हे सांगत नाही.

जर्मनीने या प्रश्नावर जे केलं ते इथे सांगितलंच पाहिजे. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, स्टासीने, शंभर किलोमीटरहून लांब भरतील एवढ्या फायली जमवल्या होत्या. त्या जाळाव्यात, सीलबंद कराव्यात की उघडाव्यात यावर मोठा वाद झाला. डिसेंबर १९९१ मध्ये कायदा झाला आणि २ जानेवारी १९९२ पासून ज्याची फाइल त्याला वाचायला मिळू लागली. कुणाला भाऊ सापडला, कुणाला नवरा, कुणाला जिवाभावाचा मित्र. कायद्याने मर्यादाही घातली. स्वतःबद्दलचं वाचा, तिऱ्हाइताचं खासगी झाकलेलं राहील. दोन जानेवारी ही तारीख आपल्यालाही ओळखीची असल्यामुळे हा योगायोग मला विसरता येत नाही. आपल्याकडे त्या काळचे गृहखात्याचे कागद मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. कर्जतच्या शाळकरी मुलाला यातली एकही फाइल आपल्या गावात, निदान छायाप्रतीच्या रूपात, पाहता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. खबऱ्याचं म्हणाल तर माझं मत असं: नाव नको, यंत्रणा हवी. इनामाची रक्कम, खबर पोहोचण्याची वाट, मध्ये किती हात, प्रत्येक हाताला काय मिळालं आणि नकार दिला असता तर काय झालं असतं. पाहणाऱ्याने स्वतःला विचारावं की आपण त्या साखळीत कुठे उभे राहिलो असतो. एवढं झालं तर नाव लिहिण्याची गरज पडत नाही.

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्र सरकारने राज्यभर सुमारे दोनशे हुतात्मा स्मारकं बांधली. आपल्या जिल्ह्यातही ती आहेत. उरणच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात पडलेल्यांची आठवण आहे, नेरळला कोतवाल आणि हिराजी पाटील यांची. कल्पना उदार होती. मुंबई-पुण्यात एकच भव्य वास्तू उभी करण्याऐवजी जिथे माणसं पडली तिथेच छप्पर उभारायचं. चूक झाली ती साच्यात. बहुतेक ठिकाणी आराखडा एकाच घडणीचा, एक सभागृह आणि एक स्तंभ. समुद्राकाठी तोच, डोंगरात तोच. आत काय असेल, ते कोण सांगेल, पावसाळ्यात कागद कसे टिकतील, याचा विचार मागे राहिला. छप्पर सरकारने दिलं, गोष्ट कुणीच दिली नाही. तरीही ही जागा गावाच्या मध्यात आहे, चालत जाण्याजोगी आहे, आणि मालकीचा वाद नाही. नवं स्मारक मागण्याआधी या रिकाम्या सभागृहांकडे पाहायला हवं.

आता गोवा. सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर सेन्सॉरची नजर असे. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी मंजूर करून घ्यावी लागे. दडपशाहीवरच्या दालनात बेड्यांपेक्षा ही लग्नपत्रिका मला महत्त्वाची वाटते. बेडी पाहून माणूस हळहळतो आणि पुढे सरकतो, कारण आपल्याला कधी बेडी पडेल असं त्याला वाटत नाही. लग्नपत्रिका मात्र प्रत्येकाच्या घरात छापली गेलेली असते. मुहूर्त, मुलीचं नाव, 'आपले नम्र' म्हणून काकांची यादी, आणि हे सगळं सरकारी टेबलावर शिक्क्याची वाट पाहत पडलेलं. सर्वंकष सत्ता म्हणजे काय, हे याहून थोडक्यात समजावता येणार नाही.

१९५५ साली या सत्तेविरुद्ध महाराष्ट्रातून माणसं चालत गेली. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये. म्हापशात त्या एप्रिलमध्ये सुधाताई जोशी पकडल्या गेल्या. सांगलीचे मोहन रानडे आझाद गोमंतक दलातून लढले आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले. शिक्षा सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे आणखी सात वर्षं आतच होते. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती चालवली, तामिळनाडूच्या अण्णादुराईंनी थेट पोपकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. ज्यांच्यासाठी लढलो ते मोकळे झाले आणि आपण मात्र परक्या देशात कोठडीत. या सात वर्षांचं दालन कसं करायचं? एका बाजूला गोव्यातल्या घडामोडी सालवार: निवडणुका, मंत्रिमंडळ, १९६७ चा जनमत कौल. समोरच्या बाजूला त्याच वर्षांखाली कोरी भिंत. याहून अधिक काही लागणार नाही.

आग्वादचा तुरुंग आता संग्रहालय झाला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये, गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्षी, नूतनीकरणानंतर त्याचं उद्घाटन झालं. मुक्तिलढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा आणि राममनोहर लोहिया यांच्यासाठी वेगळ्या कोठड्या राखल्या आहेत. जागा अशी की समोर मांडवीचं मुख, खाली लाटा, संध्याकाळी सोन्यासारखा समुद्र. या सौंदर्याशी झुंजणं हीच रचनाकाराची खरी कसोटी आहे. माणसं सूर्यास्त पाहायला येतात, यात त्यांची काही चूक नाही. पण कैद्याला तो समुद्र ऐकू येत होता, दिसत मात्र नव्हता, हे त्यांना कळायला हवं. मी तिथे एखादी तरी कोठडी अशी ठेवली असती की दार लोटून दोन मिनिटं उभं राहायचं. प्रकाशयोजना नाही, निवेदन नाही, नुसती गाज.

कुन्हांना गोव्यातून नेऊन पोर्तुगालच्या पेनिशच्या सागरी किल्ल्यात डांबलं होतं. त्या किल्ल्याची गोष्ट आपल्यासाठी फार बोधक आहे. २०१६ साली पोर्तुगाल सरकारने हा किल्ला पर्यटनासाठी, हॉटेलसाठी खासगी हातात द्यायच्या यादीत घातला. जुने राजबंदी आणि नागरिक खवळून उठले. सरकारने निर्णय फिरवला, आणि एप्रिल २०२४ मध्ये, लोकशाही परतल्याच्या पन्नासाव्या वर्षी, तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय पूर्णपणे उघडलं. तिथल्या एका भिंतीवर अडीच हजारांच्या आसपास कैद्यांची नावं आहेत. लिस्बनमध्ये अल्जूब नावाच्या जुन्या तुरुंगात २०१५ पासून दुसरं संग्रहालय आहे. तिथल्या कोठड्या जेमतेम एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब होत्या. त्या राजवटीच्या पोलिसांच्या छळाच्या एका प्रकाराचं नाव होतं 'पुतळा'. कैद्याला दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून, न हलता, न झोपता उभं करायचं. हे वाचल्यापासून चौकातला पुतळा पाहताना माझं मन थोडं बिचकतं. दडपशाहीची आठवण जपायला पुतळा हेच योग्य रूप आहे का, असं वाटत राहतं.

जगातली बाकीची उदाहरणं मी भराभर सांगतो, कारण त्यांतलं प्रत्येक एकेकच धडा देतं. ब्यूनस आयर्सची नौदल यंत्रशाळा हे हुकूमशाहीतलं छळकेंद्र. ती इमारत अजून न्यायालयीन पुरावा असल्यामुळे संग्रहालय करताना भिंतीला कशाचाही स्पर्श होऊ दिला नाही. पारदर्शक फलक भिंतीपासून अंतर राखून उभे केले, उद्या काढून घेता येतील असे. भिंतीवरचा ओरखडासुद्धा साक्षीदार असतो, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. बर्लिनमधल्या स्टासीच्या होहेनशोनहाउझेन तुरुंगात पूर्वीचे कैदीच पाहुण्यांना फिरवत आले आहेत. ज्याने चौकशीची खुर्ची सोसली तोच ती दाखवतो. बुडापेस्टचं 'दहशतीचं घर' २००२ चं. रणगाडा, अंधार, संगीत, नाट्य, गर्दी प्रचंड. पण तिथे कम्युनिस्टांच्या अत्याचारांना मोठी जागा मिळाली आणि त्याआधीच्या हंगेरियन फासिस्टांना तोकडी, हा आक्षेप सुरुवातीपासून घेतला जातो आणि मला तो रास्त वाटतो. रशियात पर्मजवळ एका श्रमछावणीचं संग्रहालय १९९० च्या दशकात नागरिकांनी उभारलं. २०१४-१५ च्या सुमारास ते सरकारच्या हाती गेलं, आणि कैद्यांच्या छळाची कथा मागे पडून छावणी कशी चालायची, पहारेकरी कसे काम करायचे, ही कथा पुढे आली. इमारत तीच, कुंपण तेच, अर्थ उलटा. अंदमानचा सेल्युलर तुरुंग तर आपल्या जवळचा. तिथल्या प्रत्येक पाखीच्या कोठड्यांची तोंडं दुसऱ्या पाखीच्या पाठीकडे, म्हणजे समोर कधी माणूस दिसूच नये. दडपशाहीचा आराखडा दगडात असा लिहिलेला असेल, तिथे रचनाकाराने शक्य तेवढं मागे राहावं.

आठवण सत्तेच्या हाती गेली की तिचा अर्थ बदलतो, ही पर्मची गोष्ट सांगितली ती आणीबाणीकडे यायचं म्हणून. २५ जून १९७५ च्या रात्रीपासून देशभरात मिसा हा स्थानबद्धतेचा कायदा आणि भारत संरक्षण नियम यांखाली एक लाखाहून अधिक माणसं आत गेली, हा आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने नोंदवलेला आकडा आहे. येरवड्याच्या बराकींत संघाचे स्वयंसेवक, समाजवादी, जमाते इस्लामीचे कार्यकर्ते एका छताखाली राहिले. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात डिसेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष दुर्गा भागवत उघडपणे बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. मृणाल गोरे भूमिगत राहिल्या, मग सापडल्या. या सगळ्यांची आठवण ठेवायलाच हवी. पण तुरुंगाबाहेर जे कोट्यवधी लोक होते त्यांचं काय? १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. अनेक राज्यांत शिक्षकांना, कारकुनांना माणसं आणून देण्याचे आकडे ठरवून दिले होते. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आलं नाही. आणीबाणीच्या दालनात मला ती शाळेची खोली हवी: फळा, हजेरीपट, आणि गुरुजींच्या टेबलावर उद्दिष्टाचा तक्ता. आपल्याच गावातल्या गरिबाला शस्त्रक्रियेला नेऊन स्वतःची पगारवाढ वाचवणारा माणूस राक्षस नव्हता. भीती अशीच चालते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात.

आणीबाणीच्या आठवणीचं राजकारणही फार लवकर झालं. महाराष्ट्रात २०१८ साली त्या वेळच्या बंदिवानांना मानधन सुरू झालं, २०२० साली सरकार बदलल्यावर बंद झालं, २०२२ साली पुन्हा सरकार बदलल्यावर पुन्हा सुरू झालं. ज्याने तुरुंग भोगला त्याचा मान सत्तेच्या पाळण्यात असा हेलकावत राहावा, हे मला क्लेशकारक वाटतं. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. असं दालन शासनाच्या एकट्याच्या हाती नको, आणि एका पक्षाच्या हाती तर नकोच. शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय, त्या कुटुंबांतली माणसं, एखादा इतिहासाचा अभ्यासक, अशा पाच-सहा जणांच्या हातात किल्ली हवी.

आणखी एक मोह आपल्या तालुक्यात खास आहे. खालापुरात हातनोलीला नितीन देसाईंनी उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे. महाल, किल्ले, दरबार, सगळं तिथे उभं राहिलं आणि पडद्यावर खरं वाटलं. या परिसरातल्या कित्येक सुतारांना, रंगाऱ्यांना सेट उभारायची कला अवगत आहे, आणि ती कला मोठी आहे. पण म्हणूनच कुणीतरी एक दिवस सुचवेल की सिद्धगडच उभा करू, फायबरचं जंगल, ध्वनिमुद्रित गोळीबार, धूर. माझा याला ठाम विरोध आहे. सेट पाहणाऱ्याला सुरक्षित ठेवतो, त्याला माहीत असतं की दिवे लागतील. खऱ्या जागेवर तसं आश्वासन नसतं. आणि खरा सिद्धगड, खरा मनोरा, खरं माथेरान इथून नजरेच्या टप्प्यात असताना खोटा सिद्धगड कशाला?

नेरळच्या सभागृहात काय करता येईल ते मी मनात बऱ्याचदा मांडून पाहिलंय. पहिली अडचण पावसाची. माथेरानच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, पायथ्यालाही ओल चार महिने भिंतीत मुरते. मूळ कागद इथे ठेवायचेच नाहीत. चांगल्या प्रती, आणि मूळ कुठे आहे त्याची नोंद. मजकूर कापडावर किंवा लोखंडी पत्र्यावर छापायचा, गंजला तर बदलता येईल असा. भाषा साधी, पाचवीच्या मुलाला कळेल एवढी. दुसरी गोष्ट आवाजाची. डोंगरातल्या ठाकर, कातकरी वाड्यांच्या आधारावाचून दस्ता एक आठवडाही टिकला नसता. त्या माणसांची नावं दगडावर नाहीत, आणि त्यांचं सांगणं पुस्तकात फारसं उतरलेलं नाही. त्यांच्या बोलीत, त्यांच्याच आवाजात आठवणी ऐकवणारा एक बाक हवा, बसायला जागा आणि कानाला यंत्र. उभ्याने वाचायच्या फलकांपेक्षा असा बाक माणसाला अधिक वेळ धरून ठेवतो. तिसरी गोष्ट रिकामेपणाची. सगळ्या भिंती भरायच्या नाहीत. एक भिंत गावासाठी मोकळी ठेवायची. कुणाच्या माळ्यावर जुनी चिठ्ठी सापडली, दंडाची पावती सापडली, तर ती तिथे यावी. दादरला प्लाझासमोर वीर कोतवाल उद्यान आहे. रोज हजारो माणसं त्याच्या कडेने जातात. उद्यानाच्या फाटकात याच दालनाची एक छोटी प्रत लावली, तर कर्जत लोकलमध्ये चढणाऱ्याला आपण कुठे चाललोय हे तरी कळेल.

दालनाची किल्ली, पैसे, छप्पर यांची व्यवस्था आज ना उद्या होईल. माणसांची होणार नाही. १९४२ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली आहे. वाड्यांवर, गावठाणात अशा मोजक्या आज्या अजून आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत, रस्ता कोरडा आहे तोवर, कुणीतरी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायला हवं. मोबाइल सुरू करायचा, चहा घ्यायचा, घाई करायची नाही. कोतवालांना पाहिलं होतं का, हे विचारलं तर त्या ऐकीव गोष्टच सांगतील. त्याऐवजी विचारावं: आजी, त्या हिवाळ्यात तुम्हा पोरांना घरच्यांनी काय बोलायला मना केलं होतं?